मैना घोडीच्या पोटशूळाची हकीकत

श्रीअश्विनीकुमार प्रसन्न. शके सोळाशे अठ्ठ्याऐंशी, आश्विन शुद्ध दशमी, ते दिवशी राज्यावर जे संकट गुजरले ते येणेप्रमाणे. राज्य कोणते हे पुसो नये. तेथे पागेदार सुभानराव हैबते, लढाईत कधी डोळा लवला नाही ऐसे, आणि महाराजांची खाशी घोडी मैना त्यांचे हवाली. मग दसऱ्याचे सकाळी अश्वपूजन जाहले, आणि शिरस्ता ऐसा की सुवासिनींनी घोडीस ओवाळून नैवेद्य भरवावा, आणि सुवासिनीचा हात मागे फिरविणे अपशकुन, म्हणोन सुभानरावांनी कोणासही नाही म्हटले नाही. कोणी डाळ-गूळ, कोणी पुरणपोळी, आणि मैनेने सर्व स्वीकारिले. जनावरच ते, त्यास पुरे म्हणावयास कोणी शिकविले?

मग दुपारी सीमोल्लंघनास खोगीर घालावे तों मैनेने मान वळवून आपले कुशीकडे पाहिले, आणि खूर आपटिला, आणि घामाने निथळोन खाली बसो लागली. सुभानरावांनी हाक घातली. घोड्यांचे वैद्य इमामखां सालोत्री धावत आले आणि कुशीस कान लावून बोलिले, "रावसाहेब, आत सामसूम आहे. घोड्यास वांती होत नाही, खाल्ले ते खालीच उतरले पाहिजे. लोळली तर आतडे पिळवटेल, मग अल्लाच मालक. चालवीत ठेवा. लीद पडली तर घोडी आपली."

मग सुभानराव लगाम धरून घोडी चालवू लागले आणि मनात म्हणती, दुसऱ्यास बोल काय लावावा, लेकरासारखी वाढविली आणि आपल्याच भिडेने मारिली. इतक्यात नगारा जाहला आणि महाराज हत्यारबंद होऊन आले. "खोगीर कोठे?" सुभानराव बोलिले, "स्वामी, घोडी मरते आहे. माझी गर्दन मारावी, परंतु आधी हिला चालवू द्यावे." महाराज गोरेमोरे जाहले आणि हळूच बोलिले, "सकाळी आम्हीही पोळ्या भरविल्या. तुपात बुडवून." मग म्हणाले, "चालवावयाचीच ना? सीमेपावेतो चालवू."

आणि महाराज पायी निघाले, मग धनी पायी तर चाकराने बसावे कैसे, म्हणोन झाडून सारे सरदार उतरले आणि ढेऱ्या सावरीत, धापा टाकीत चालिले. वाटेने इमामखां कुशीस कान लावीत आणि मान हलवीत. घोडी बसो पाही, तेव्हां खुद्द महाराज मागून रेटा देत. शमीचे झाडापाशी पुरोहितांनी मंत्र आरंभिले, परंतु ऐकतो कोण, अवघ्या दरबाराची नजर घोडीचे शेपटाकडे. सुभानरावांनी खंडोबास नवस बोलिला आणि डोळे मिटले. मग मैना थबकली, शेपूट उचलिले, आणि लीद पडली. इमामखांनी कान लाविला आणि बोलिले, "वाजते आहे."

सुभानराव तेथेच मटकन बसले, लीद दोन्ही हातांनी उचलून पाहिली, आणि त्याच हातांनी तोंड झाकून रडले. महाराज त्यांस सोने द्यावयास आले, तों हात लिदीने भरलेले, म्हणोन आपट्याचे पान त्यांचे पगडीत खोविले.

तात्पर्य, सीमा ओलांडावयाचे राहूनच गेले, आणि त्या वर्षी मुलूख तसूभर वाढला नाही. तेव्हांपासून दसऱ्यास घोडीस हळदकुंकू आणि हिरव्या गवताची जुडी तेवढी. सुवासिनी ताटे घेऊन येतातच, आणि त्यांचा हात मागे फिरवू नये, म्हणोन सुभानराव घोडीपुढे उभे राहून सगळा नैवेद्य आपणच खातात. पोट फार सुटले आहे. घोडी सुखरूप आहे.