शुद्ध प्रेमाचे तीन निकष

नांदी.

धुळ्याच्या समाजमंडळाने ठराव क्रमांक सात मंजूर केला : प्रेमविवाहास हरकत नाही, मात्र प्रेम शुद्ध असावे. शुद्धता ठरवायला तज्ज्ञ लागतो. हेमांगी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायची, शिवाय तिला अध्यक्ष जीवरामनानांच्या पुतण्याशीच, प्रेमराजशी, लग्न करायचं होतं. तिने उत्साहाने निकष लिहून दिले : खऱ्या प्रेमात वासना नसते, अपेक्षा नसते, समोरच्याला आपलं करून घ्यायची ओढ नसते. थोरामोठ्या तत्त्वज्ञांची मतं होती ती. आपलं काम सोपं होईल, असं तिला वाटलं.

अंक पहिला.

नमुना तपासणीसाठी, मंडळाच्या मेळाव्यात हेमांगी आणि प्रेमराज करणार होते तेच जुनं नाटक घेतलं. त्यात चंद्रकला बारा वर्षं नदीकाठी राजाची वाट पाहते.

"वाट पाहते म्हणजे अपेक्षा," नाना म्हणाले. "बाद."

"आणि राजा? तो तर तिच्यासाठी राज्य सोडतो!" हेमांगी म्हणाली.

"तिच्यासाठीच सोडतो ना? ओढ शे ती. बाद."

अख्ख्या नाटकात एकटा द्वारपाल उत्तीर्ण झाला. त्याला कोणाशीच काही घेणं नव्हतं.

अंक दुसरा. हेमांगी मंडळाच्या तपासणी समितीपुढे उभी.

"प्रेमराज आवडतो?"

"आवडतो."

"बाद."

"बरं, नाही आवडत."

"मग लगीन कशाले?"

तिने प्रेमराजकडे पाहिलं. तो स्वतःच्या चपलांकडे पाहत होता. सचिवांनी नोंद केली : मुलाची काहीही मागणी नाही, पूर्ण गुण.

आता त्याला तोडीस तोड मुलगी हवी. नशिराबादची डिंपल निघाली. दोघांनी एकमेकांना पाहिलेलंसुद्धा नव्हतं. वासना शून्य, अपेक्षा शून्य, ओढ शून्य.

"नाना, हे प्रेम नाही!"

"तुझ्याच हातचे निकष शेतस, बेटा."

"तुम्ही तरी नानींना कधी विचारलंत, मी आवडतो का म्हणून?"

मागून वच्छलानानी म्हणाल्या, "माले त कोन्ही ईचारंच नई. पैकीच्या पैकी दे व माय माले!"

समिती खो-खो हसली.

भरतवाक्य.

प्रेमराज-डिंपलच्या लग्नमंडपात शुद्ध प्रेमाच्या प्रमाणपत्रावर तज्ज्ञ म्हणून हेमांगीचीच सही हवी होती. तिने पेन बाजूला ठेवलं आणि माईक ओढून घेतला. "हे शुद्ध प्रेम आहे, असं ज्यांना वाटत नाही, त्यांनी हात वर करा."

चारशे माणसं. बाशिंगाआडून प्रेमराजही पाहत होता, कोणी करतं का.

तुम्ही तिसऱ्या रांगेत होतात. शेजारी जोडीदार होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंत, झटकन नजर वळवलीत, हात मांडीवरच ठेवलेत, आणि पंगतीत म्हणालात, वरण-बट्टी झकास झाली.