सत्तेचाळीसचं वजन

दुपारी कोकराला ओंजळभर मका जादा घालायचा, एवढंच मी ठरवलं होतं. कुणाचं वाईट करायचं डोक्यात नव्हतं. माझ्या डोक्यात तसंही एका वेळी एकच गोष्ट मावते (नवरा म्हणतो, तीही आडवी), आणि त्या उन्हाळ्यात ती गोष्ट म्हणजे मार्नीच्या कोकराचं वजन.

मार्नी माझी धाकटी, दहा वर्षांची. आमच्या वायोमिंगात ह्या वयाचं पोर पहिलं कोकरू वाढवायला घेतं. वसंतात घ्यायचं, ऑगस्टात जिल्ह्याच्या जत्रेत रिंगणात फिरवायचं, लिलावात विकायचं आणि शेवटच्या दिवशी आपल्याच हातानं खाटिकखान्याच्या ट्रकमध्ये चढवायचं. माझ्या आईनं चढवली, मी चढवली, माझ्या थोरल्यांनी चढवली. ट्रकपाशी रडणाऱ्या पोरांना आणि पोरांपेक्षा मोठ्यानं रडणाऱ्या त्यांच्या आयांना मी कायम नावं ठेवत आलेय. शेजारची लिओटा अशीच एकदा नाक ओढत उभी होती, तेव्हा मी तिला तोंडावर विचारलं होतं, "मटणाचे चॉप खाताना कुठं जातं गं हे पाणी?"

गेल्या वर्षी तर लिओटाच्या पोरानं कोकराच्या गळ्याला मिठी मारून ट्रकसमोर बसकणच मारली आणि शेवटी कोकरू घरी नेलं. मी भडकले. जत्रेच्या सभेत टेबलावर मूठ आपटून नियम करून घेतला. शंभर पौंडांच्या खाली भरलं तर कोकरू घरी. शंभर भरलं आणि वजन लिहिलं गेलं, की मग ट्रक. रडणंबिडणं चालणार नाही. सगळ्यांनी हात वर केले. (नियम पटला म्हणून. रॉईस म्हणतो, मला घाबरून. रॉईस म्हणजे माझा नवरा. त्याचाही हात वर होता.)

मार्नीचं कोकरू आईवेगळं होतं. मेंढी व्याली आणि गेली. ते थंडीनं काकडत होतं, म्हणून आठवडाभर आमच्या धुण्याच्या खोलीत खोक्यात ठेवलं आणि मार्नीनं त्याला बाटलीनं दूध पाजून जगवलं. मी तेव्हाच बजावलं, "नाव ठेवायचं नाही. नाव ठेवलं की चढवताना हात अडखळतो." पोरीनं मान डोलावली आणि कानातल्या बिल्ल्यावरचा आकडाच नाव करून टाकला. सत्तेचाळीस. "ए सत्तेचाळीस, चल." मी रागावले, तर म्हणते, "नाव कुठं आहे आई, नंबर आहे." आठ दिवसांत मीही अंगणातून ओरडायला लागले, "सत्तेचाळीस, ती माझी चादर आहे, थूक."

तर हा सत्तेचाळीस जून उलटला तरी अंग धरेना. बाकीच्यांची कोकरं उशीसारखी गुबगुबीत, आणि ह्याच्या फासळ्यांवर कपडे वाळत घालावेत. मी जंताचं औषध पाजलं. दात तपासले. रॉईसला बोलावून दाखवला.

"बारीक आहे," रॉईस म्हणाला.

"ते मलाही दिसतंय. का बारीक आहे?"

"पोरगी रोज सकाळी पाटाच्या कडेनं फार पळवते त्याला."

"चालवलं की मांडी घट्ट होते. हुशार आहे माझी पोर."

"मग असू दे," रॉईस म्हणाला आणि निघून गेला. ह्या माणसाचं सगळं आयुष्य 'असू दे'वर चाललंय.

मला ते असू देववेना. लिओटाचं कोकरू भरेल आणि माझ्या घरचं हलकं ठरून परत येईल? जिनं नियम केला तिच्याच घरचं? मार्नी दुपारी गावात पोहायला शिकायला जायची. ती गेली, की मी कोटाच्या खिशात मका भरून मेंढवाड्यात जायचे. पहिल्यांदा ओंजळभरच. मग मक्यावर काकवी. मग शिळा पाव काकवीत बुडवून. मग रॉईसच्या नाश्त्यातले ओट्स. पोट फुगून मरू नये म्हणून बेतानं घालत होते, पण रोज घालत होते. पोरीला सांगितलं नाही. तिला वाटू दे, आपणच वाढवला. कष्टाचं चीज झालेलं दिसलं की लेकरू खूश होईल.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नाही. मी त्याच्याशी बोलायचे. म्हणजे गप्पा नव्हे, मी तसली बाई नाही. आपलं सांगायचे. थोरल्याचा फोन येत नाही, गुडघा दुखतो, असलं काहीबाही. तो खिशात तोंड घालून मका फोडायचा आणि फोडता फोडता वर माझ्याकडे बघायचा. रॉईस जेवताना ताटाकडे बघतो.

जत्रेत वजनाच्या दिवशी काट्यावर ऑर्विल टकर होता. मेंढ्यांचा सगळा कारभार तोच बघतो. मार्नीनं म्होरकी धरून सत्तेचाळीसला काट्यावर चढवला. लोकर नुकती कातरलेली, त्यामुळे तो धुतलेल्या मोज्यासारखा दिसत होता.

"एकशे चार," ऑर्विल म्हणाला.

मी टाळी वाजवली. मग मार्नीकडे बघितलं. पोरीच्या तोंडावरचा रंगच उडाला होता.

"असं कसं होईल?" ती म्हणाली. "तो नव्वदच्या वर जाणारच नाही."

"अगं, जाणार नाही कसा? मी काय झोपले होते?" आणि मी सांगत सुटले. मका, काकवी, पाव, ओट्स, सगळं. छाती फुगवून. (शहाण्या बाईनं मधे एकदा तरी पोरीच्या तोंडाकडे बघितलं असतं.)

"रोज?" मार्नीनं विचारलं.

"रोज. तू पोहायला गेलीस की."

तिनं म्होरकी दोन्ही हातांनी घट्ट धरली. "मी त्याचा भरडा कोंबड्यांना घालत होते," ती हळूच म्हणाली. "अर्धा रोज. आणि सकाळी पळवत होते, वजन उतरावं म्हणून. शंभर भरला नाही तर घरी येतो ना. तुझाच नियम आहे."

त्या उन्हाळ्यात आमच्या कोंबड्या बदकांसारख्या डुलत का चालत होत्या, ते मला तिथं काट्यापाशी कळलं.

"मग मला सांगायचं नाही होय गं?"

"तू हसली असतीस," मार्नी म्हणाली.

कुणी खरं बोललं की मी भांडते, म्हणून ऑर्विलकडे वळले.

"तुझा काटा खोटा आहे."

"काय झालं?"

"कोकरू हलकं आहे. आंधळ्यालाही दिसेल. परत तोल."

ऑर्विलनं टोपी मागे सारली. "व्हर्ना, इथं आया उलटं भांडतात. माझं भारी आहे, तुझा काटा कमी दाखवतो, असं."

"मी सगळ्या आयांसारखी नाही."

"ते आम्हाला ठाऊक आहे बाई," तो म्हणाला आणि कोकरू परत काट्यावर घ्यायला सांगितलं. एवढं होईपर्यंत सत्तेचाळीसनं माझ्या खिशात तोंड घालून होता तो मका संपवला होता आणि वर शेजारच्या बादलीतलं पाणी प्यायला होता.

"एकशे पाच."

मागे रांग लागली होती. रांगेतून लिओटा म्हणाली, "पुरे कर व्हर्ना. आणखी भांडलीस तर एकशे सहा होईल."

"लिहू नकोस ऑर्विल," मी म्हणाले. "मी त्याला घरी नेते."

"नियम आहे."

"कुठल्या गाढवानं केला असला नियम?"

ऑर्विल भला माणूस. तो पेन्सिलीच्या टोकाकडे बघत बसला. लिओटा मात्र बोललीच, "ते टेबल अजून डगमगतं गं."

वजन लिहिलं गेलं.

दुसऱ्या दिवशी रिंगणात परीक्षक नेब्रास्काहून आलेला, पोट सुटलेला, प्रेमळ बोलणारा माणूस होता. प्रत्येक कोकराची पाठ चाचपत तो सत्तेचाळीसपाशी आला आणि थांबला. पाठ दाबली, मांडी दाबली, पुन्हा पाठ दाबली. मग माईक घेऊन म्हणाला, "ह्या पाठीवर चांगला भर आहे, आणि मांडी म्हणाल तर नुसता दगड. काही घरं खायला घालतात पण चालवत नाहीत. काही चालवतात पण पोटाला देत नाहीत. ह्या घरात सगळे एकदिलानं राबलेले दिसतात."

निळी फीत मिळाली. पहिला नंबर. मार्नीनं हात पुढे केला, "थँक्यू" म्हणाली आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेली. वळण चांगलं लावलंय मी तिला.

लिलावात सत्तेचाळीसला टायरच्या दुकानवाल्यानं घेतलं. मी त्याला पार्किंगमध्ये गाठलं. "परत देतोस का?" म्हटलं.

"देतो की," तो म्हणाला. "मटणाची किती पाकिटं हवीत?"

त्याला तरी काय बोलू? मी त्याच्या जागी असते तर हेच म्हणाले असते, आणि वर स्वतःच हसलेही असते.

शेवटच्या दिवशी जेवणानंतर ट्रक आला. पोरं रांगेनं आपापलं कोकरू घेऊन उभी. कुणी रडत होतं, कुणी रडत नसल्याचं दाखवत होतं. मार्नी ट्रकला लावलेल्या फळीपाशी आली आणि सत्तेचाळीसनं चारही पाय रोवले. तिनं ओढलं नाही. नुसती म्होरकी धरून उभी राहिली. ड्रायव्हरनं मागून ढकललं. ऑर्विलनं ढकललं. कोकरू हलेना. पोरीनं त्याचं कपाळ दोन्ही हातांत घेतलं, काहीतरी पुटपुटली, आणि म्होरकी काढली.

म्होरकी निघताच तो वळला आणि गर्दीतून थेट माझ्याकडे आला. खिशात तोंड घातलं.

"हा बाईंच्या मागं जातोय," ड्रायव्हर म्हणाला. "बाई, तुम्हीच चढा पुढं."

मी मार्नीकडे बघितलं. नको म्हणाली असती तर मी त्या ड्रायव्हरशी, ऑर्विलशी, सगळ्या जिल्ह्याशी भांडले असते. ती म्हणाली, "तू चढव आई. ढकलून नको. तुझ्या मागं येईल तसा येऊ दे."

मी फळी चढले. मागे त्याच्या खुरांचा आवाज. एकदासुद्धा थबकला नाही. आत गेलो. मी उतरायला लागले, तर तोही उतरायला लागला. मी परत चढले, तो परत चढला. लोक हसले. मीही हसले असते, दुसऱ्या कुणाची फजिती असती तर. दुसऱ्यांदा उतरले तरी तेच. ड्रायव्हर घड्याळ बघायला लागला.

मग मी त्याला कोपऱ्यात नेलं आणि खिसा उलटा करून होता तेवढा मका खाली ओतला. त्यानं मान खाली घातली. मी भिंतीला हात लावत मागे मागे सरकले. फळीपाशी आल्यावर थांबले. वाटलं, एकदा वर बघेल. उन्हाळाभर बघत आला होता. पण मका पुष्कळ होता.

दार लागलं. खाली लिओटा उभी होती. मी म्हटलं, आता ही विचारते चॉपचं. तिनं रुमाल पुढे केला आणि दुसरीकडे बघितलं. विचारलं असतं तर मी परतून बोलले तरी असते.

मार्नीनं मात्र विचारलं. "खाल्लं त्यानं?"

"खात होता."

"घाबरला नाही ना?"

"नाही. तोंड भरलेलं होतं."

तिनं मान डोलावली. आम्ही तिघं पिकअपमध्ये बसलो. रॉईसनं गाडी सुरू केली तेवढ्यात ऑर्विल खांद्यावर पोतं घेऊन धापा टाकत आला.

"अरे, हे राहिलंच. वसंतातल्या वजनापासून सगळ्यांत जास्त भर ज्या कोकरानं घातली, त्याचं बक्षीस. मार्नीचं आहे. मेंढ्यांचा खुराक, उत्तमातला." त्यानं खिडकीतून आत बघितलं. "कुठं ठेवू गं पोरी?"

"आईच्या मांडीवर," मार्नी म्हणाली.

त्यानं ठेवलं. मागे सगळी गाडी रिकामी होती तरी. गावाबाहेर पडेपर्यंत पोत्यातून काकवीचा वास सुटला.

"आता घरात कोकरू नाही," रॉईस म्हणाला. "हे खाणार कोण?"

मार्नी खिडकीबाहेर बघत होती. नाक लाल, आवाज मात्र माझ्यासारखा. "आईला घाल," ती म्हणाली. "थोडं थोडं. मी पोहायला गेले की."

रॉईसचे खांदे हलायला लागले. मला दोघांनाही चांगलं सुनवायचं होतं, निदान डोळे तरी पुसायचे होते. पण पन्नास पौंडांच्या पोत्याखाली हात अडकले होते, आणि घर अजून लांब होतं.