कूलरमध्ये पोसलेली करुणा

करुणा कशी करावी, हे जगाने माझ्याकडून शिकावे! मे महिन्याने कटंगीतली आमची बोडी, म्हणजे शेताजवळचे लहान तळे, आटवत परातीएवढी केली होती. उरलेल्या पाण्यात करंगळीएवढे मासे उकळत्या चहातल्या पत्तीसारखे फिरत होते. ते मेले असते, तर पावसाळ्यात बोडी भरून वाहिल्यावर धानाच्या बांधीत, भाताच्या वाफ्यात, एकही मासा दिसला नसता. म्हणून सकाळीच, कोणाला न सांगता, मी ते घरातल्या सर्वांत थंड जागी नेऊन सोडले. बैठकीतल्या कूलरच्या टाकीत! पंप अर्थातच बंद केला.

दुपारी माझ्या बहिणीला, मंजूला, आपल्या मुलासाठी पाहायला तुमसरचे दुलीचंदजी सहकुटुंब आले.

"कूलर गरम हवा काहून फेकून राह्यला?" त्यांनी घाम पुसत विचारले.

"थांबा, बर्फ टाकते!" म्हणत आईने अख्खी लादी टाकीत सोडली.

"आई, बर्फ नको! मरतील!"

"कोण मरन? पाहुणे?"

पाहुण्यांचे चेहरे उतरले. मी कोपरापर्यंत हात घातला. मासे आडवे पडले होते, पांढऱ्या पोटांनी, न लिहिलेल्या ओळींसारखे.

मंजू दातओठ खात म्हणाली, "दादा, पाहुण्यायले मले पाहू देतं, का मासेच दाखवतं?"

मी मासे बादलीत घेऊन बोडीकडे धावलो. मागे आई, तिच्यामागे छत्री उघडून दुलीचंदजी! मासे पाण्यात सोडले. बराच वेळ काही हलले नाही. मग एक शेपूट थरथरले, आणि हळूहळू सगळे पाणी जिवंत झाले.

दुलीचंदजींनी बोट बुडवून चटकन काढले. "अरे बाप! चटका बसून राह्यला, अन् हे इथं खेळून राह्यले?"

ऊन माशांवर रोज थोडे थोडे चढत गेले होते, आणि तेही रोज थोडे थोडे तगत गेले होते. माझी करुणा मात्र बर्फ होऊन एका क्षणात त्यांच्या अंगावर आदळली होती. पण तगण्यालाही कुठेतरी काठ असणारच. पुढचा उन्हाळा याहून कडक आला, तर? त्यांना बर्फ नको होता. खोल खड्डा आणि सावली हवी होती.

"आई, हे पाणी कोणी उपसायचं नाही. मी इथं डोह खणतो, काठावर करंज लावतो."

"हौ, लाव. पण करंज वाढेपर्यंत?"

उत्तरादाखल मी दुलीचंदजींची छत्री मागून घेतली आणि पाण्यावर धरून उभा राहिलो. ते डोक्यावर रुमाल टाकून आईबरोबर आमच्या घराकडे परतले.

थोड्या वेळाने आईची हाक आली, "रजत, पोरगी पसंत हाय म्हणतात! एकच अट टाकली!"

"कोणती?"

"लग्नात तुले कूलरजवळ येऊ द्यायचं नाही!"

मासे सावलीत होते. उन्हात फक्त मी होतो.