डावीकडं न वळणारी गाडी

आमच्या शेजारचे बापू मोटरसायकल डावीकडं वळवत नाहीत. वळवली की बंद पडते. उजवीकडं तिची काही तक्रार नाही. सरळ तर अशी पळते की मागं बसणारीला पदर आवरत नाही. पण हँडल डाव्या अंगाला जरा झुकलं की इंजिन गप्प. त्यामुळं डाव्या हाताच्या गिरणीत दळण टाकायचं असलं, तर बापू उजवीकडून सोसायटी, शाळा, मारुतीचं देऊळ असा अख्ख्या गावाला फेरा घालून गिरणीपुढं हजर होतात. पाहुण्यांना वाटतं, माणूस लय देवभोळा आहे.

मी वस्तीवरच्या शाळेत शिकवते. आष्ट्याहून येणारी बस वस्तीकडं फिरकत नाही, म्हणून बापू मला रोज सकाळी सोडतात. तिथंच पुढं त्यांचा ऊस आहे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा फौजेत. स्वतः बापूंनीही फौजेच्या दवाखान्यातच नोकरी केली. पेन्शनीवर आले ते गावातल्या मोटरसायकली तपासायला लागले. कुणी बंद पडलेली गाडी ढकलत आणली की गाडीकडं बघायच्या आधी मालकाला विचारणार, "काल कुठलं प्याली?" म्हणजे पेट्रोल कुठल्या पंपावरचं. "रातच्याला भाईर झोपली का आत?" मग टाकीला कान लावून डोळे मिटायचे.

"निदान बराबर पायजे बाई," मला सांगतात. "औशिद काय, कुणीबी देतंय."

आणि खरं सांगते, त्यांचं निदान बहुतेक वेळा चुकतं. एकाला त्यांनी प्लग बदलायला लावला, कार्बोरेटर खोलायला लावला, शेवटी निघालं काय, तर टाकीत पेट्रोलच नव्हतं. बापू शांतपणे म्हणाले, "उपास घडला म्हणायचा तिला."

आता एवढ्या हुशारीनं डावी वळणं चुकवणारा हा माणूस एक डावं वळण मात्र कधी चुकवत नाही. ते म्हणजे तात्यांच्या दारातलं. तात्या हे बापूंचे धाकटे सख्खे भाऊ. विहिरीवरच्या मोटारीच्या पाळीवरून दोघांचं वाजलं आणि बोलणं तुटलं. पुढं ती मोटार जळाली, विहीर आटली, दोघांच्याही रानात नदीचं पाणी आलं, पण अबोला आहे तसाच. लग्नाकार्यात एक मांडवाच्या या टोकाला, तर दुसरा त्या टोकाला. न बोलावता दुसऱ्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही, हे दोघंही कटाक्षानं पाळतात.

तर रोज सकाळी गाडी नेमकी तात्यांच्या दारात बंद पडायची. बापू उतरायचे, मीही उतरायची. मग बापू गाडीला बोलायचे, तेही चांगलं मोठ्यानं.

"का गं? आज काय दुखतंय तुला?"

आणि आमच्याकडं दारात अडलेल्या माणसाला पाणी विचारल्याशिवाय सोडत नाहीत, मग तो वैरी का असेना. तात्या तांब्या घेऊन बाहेर यायचे. तांब्या बापूंच्या हातात, पण नजर गाडीवर.

"म्हातारी झालीया," तात्या गाडीला म्हणायचे. "जरा तब्येतीला जपत जा म्हणावं. खोकला ऐकू येतूय रातचा."

"खोकला हाय, पर कमी हाय म्हणावं," बापू हँडलला सांगायचे. "आन् तुज्या गुडघ्याचं काय?"

मोटरसायकलीला गुडघे असतात हे मला तिथंच कळलं. पाणी पिऊन झालं की बापू गाडी ढकलत वळवायचे, किक मारायचे, आणि ती लगेच सुरू व्हायची. मी शाळेत उशिरा पोचायची ती वेगळीच.

एकदा मी वैतागून म्हणाले, "बापू, कॅनॉलच्या रस्त्यानं गेलो तर हे वळण लागतच नाही."

"तिकडं कुत्री हायती," बापू म्हणाले. त्या रस्त्यावर मी आजवर एक कुत्रं पाहिलेलं नाही.

मग माझीच सटकली. एका सकाळी दोघा भावांचं आणि गाडीचं बोलणं चालू असताना मी हँडलजवळ वाकून बघितलं. हँडल सरळ असलं की किल्लीजवळचा हिरवा दिवा लागायचा, डावीकडं नेलं की जायचा. डावीकडंच ठेवून किल्ली जरा हलवली की पुन्हा लागायचा. म्हणजे दोष किल्लीच्या स्वीचमध्ये. त्याच्या वायरीला ताण बसत होता, एवढंच. यात कसली आलीय हुशारी, माझ्या घरच्या मिक्सरचंही असंच झालं होतं.

"बापू, स्वीच गेलाय," मी वाटेत सांगितलं.

"न्हाई," बापू पटकन म्हणाले. "तिचं हाड मोडलंया आतनं. त्याला इलाज न्हाई."

पुढच्या आठवड्यात बापू मोतीबिंदू काढायला सांगलीला गेले आणि गाडी आमच्या अंगणात लावून गेले. मी आमच्या ह्यांना पिटाळलं. त्यांनी आष्ट्याच्या मिस्त्रीकडून नवा स्वीच बसवून आणला. बापू काळा चष्मा लावून परत आले, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात नवी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली.

"लय उपकार केलंसा बाई," ते म्हणाले. आवाज मात्र सुतकातला होता.

डोळा बरा झाल्यावर आम्ही निघालो. गाडी तात्यांच्या दारातनं लोण्यासारखी वळली. ओट्यावर तात्या उभे होते, हातात भरलेला तांब्या. गाडी थांबली नाही तसा त्यांचा हात हळूच खाली आला. बापूंनी मान वळवली नाही. त्या दिवशी मी शाळेत अगदी वेळेवर पोचले. माझ्या जिवाला इतकं वाईट वाटलं की परिपाठाला लक्ष लागेना.

तीनचार दिवस असेच गेले. तांब्या रोज ओट्यावर दिसायचा. मग एका सकाळी वळण जवळ आलं आणि बापूंचा डावा हात हँडलवरून सुटला. मागनं मला सगळं दिसत होतं. त्यांनी हळूच किल्ली फिरवली. गाडी तात्यांच्या दारात येऊन थांबली.

"परत सुरू झालं का गं तुझं?" बापू गाडीला म्हणाले आणि चोरून माझ्याकडं बघितलं.

"माझंच निदान चुकलं, बापू," मी म्हणाले. "हाडच मोडलंय तिचं."

"व्हय का न्हाई?" बापूंचा चेहरा खुलला.

तात्या तांब्या घेऊन आले. नेहमीसारखे गाडीशी बोलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. किल्ली बंद बाजूला होती. त्यांनी किल्लीकडं बघितलं, बापूंकडं बघितलं. बापू काळ्या चष्म्याआडून आभाळ बघत होते. तात्यांनी किल्ली काढली आणि आपल्या बंडीच्या खिशात टाकली.

"दादा," ते म्हणाले. गाडीला नाही, बापूंना. "च्या टाकलाय. आत या."

बापूंनी चष्मा काढला, डोळे पुसले. डॉक्टरांनी डोळ्याला हात लावू नका म्हणून बजावलं होतं. ते तात्यांच्या मागोमाग उंबरा ओलांडून आत गेले.

मी बराच वेळ बाहेर थांबले. आतनं दोघांचा एकदम बोलण्याचा आवाज येत होता आणि विहिरीवरची मोटार नेमकी कुणी जाळली यावर पुन्हा वाजायला लागलं होतं. मग मी शाळेकडं चालत निघाले. पोचले तेव्हा मुलं पाढे म्हणत होती. हेडमास्तरांनी घड्याळ बघत विचारलं, "बाई, स्वीच नवा बसवला होता ना?"

"बसवला होता, सर," मी म्हटलं. "पण काही उपयोग नाही. आता रोज उशीर होणार."