संदर्भवाले भाऊसाहेब

लग्नाची पत्रिका हातात पडली की आमचे गाडे भाऊसाहेब आधी खिशातून लाल पेन काढत. शुद्धलेखन तपासून पत्रिका परत यजमानाच्या हातात! "छापलं म्हनून काय झालं? दुरुस्तीला जागा ठिवावी मानसानं," हे त्यांचं पालुपद. एका किराणा दुकानाची पाटी त्यांनी शिडी मागवून सुधारलेली मी स्वतः पाहिली आहे.

देवळाली प्रवऱ्याच्या एका दूध संस्थेत ते हेडक्लार्क, मी नवी कॉम्प्युटर ऑपरेटर. मी जेमतेम बावीसची, तरी ते मला मॅडम म्हणत. साल नव्याण्णव. पहिले सहा महिने त्यांनी कॉम्प्युटरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग एक दिवस मी दाखवलं, की पत्रातल्या 'संदर्भ'वर टिचकी मारली की ते जुनं पत्रच समोर उघडतं. झालं! भाऊसाहेबांनी झाडून सगळ्या पत्रांना लिंका जोडल्या. बर्फीच्या खोक्यांच्या पत्रावरून निघालेला माणूस पाच टिचक्यांत म्हशींच्या लसीपर्यंत पोचायचा. वाटेत भेटेल ते पत्र भाऊसाहेब सुधारत जात, पाठवून वर्ष झालं असलं तरी.

पुढे मशीन बदललं. दुकानदाराने सगळ्या फायली सीडीवरून उतरवून दिल्या. त्यानंतर लिंक दाबली की फाईल उघडे, पण दुरुस्ती काही साठवू देईना.

"मॅडम, हे मशीन मला बघा म्हनतंय, हात लावू नका म्हनतंय! पाव्हना हाय का मी हितं?"

आठवडाभर त्यांची ही कुरकुर ऐकून माझं डोकं उठलं. शेवटी कारण सापडलं. सीडीवरून आलेल्या फायलींवर 'फक्त वाचा' अशी खूण राहून गेली होती. एकेक फाईल उघडून मी ती काढत सुटले. शेवटी एकच उरली.

"ती ऱ्हाऊ द्या," भाऊसाहेब घाईने म्हणाले. तोवर मी उघडली होती.

'विषय : दिवाळीला माहेरी येणेबाबत. संदर्भ : तुझे लग्न.' खाली दोनच वाक्यं. 'माझे चुकले. दोघेही या.'

त्यांच्या मुलीने पुण्यात स्वतःच्या मनाने लग्न केलं होतं. भाऊसाहेब तिच्याशी बोलत नाहीत, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. ते तिला लिहितात, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

"रोज दुपारी उघडतो," ते खाली बघत म्हणाले. "कधी 'चुकले' खोडतो, कधी परत घालतो. असंच करत गेली दिवाळी निघून."

"थांबा, हिचीही खूण काढते," मी माऊस पुढे सरकवला.

"नको. आठ दिस झाले, बदलता येईना म्हनून रोज तेच वाचतोय. बरूबर हाय ते. आता जसं हाय तसं छापा. माझा हात लागला तर यंदाबी जायचं न्हाई."

मी छापलं. त्यांनी कागद न वाचताच घडी घालून पाकिटात सारला. पुण्याच्या त्या घरी ते कधीच गेले नव्हते. पत्ता मात्र त्यांनी कुठेही न बघता लिहिला, पिनकोडसकट.