गाय काही पंच नव्हती

आमच्या गल्लीत भांडण लागलं की काही लोक खिडकी लावून घेतात, काही सोडवायला धावतात. भांडेकर सर खुर्ची घेऊन बाहेर येतात. फाटकाशी ती मांडतात, चष्मा पुसतात आणि भांडण संपेपर्यंत एक शब्द बोलत नाहीत. संपलं की उठून निकाल देतात.

मागे समोरच्या वहिनींची आणि भाजीवालीची वांग्यांवरून जुंपली होती. दोघी दमल्यावर सर उठले. "वयनी, पैल्या राऊंडमदी तुमी भारी होत्या. दुसऱ्यात तुमी नुसत्या नाचल्या. बाईचं एकेक बोलनं लागत होतं. निकाल बाईले."

वहिनींनी सरांशी बोलणं टाकलं. भाजीवालीनं खूश होऊन कोथिंबिरीची, म्हणजे आमच्याकडच्या सांबाराची, एक जुडी पुढं केली. सरांनी ती परत केली. "पंचाले काई द्याचं नसते, बाई."

सर खेळाचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले. नोकरीभर मुलांना बॉक्सिंग शिकवलं आणि शालेय स्पर्धांत पंच म्हणून बसले. गडचिरोलीचं नाव घेतलं की बाहेरच्या माणसाला जंगल आणि बंदोबस्त एवढंच आठवतं. इथं कुणी हातमोजे घालून नियमानं मारामारी करत असेल, यावर त्याचा विश्वास बसत नाही. सरांचा मात्र नियमाविना झालेल्या कुठल्याच गोष्टीवर विश्वास नव्हता.

त्यांच्याकडे साऱ्या जगासाठी एकच माप होतं : "लागला का नुसता शिवला?" हातमोज्याचा पुढचा भाग नीट बसला तर ठोसा लागला, बाजू घासून गेली तर नुसता शिवला, त्याला गुण नाही. एकदा क्रीडा दिनाला आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. मंचावर इतके सत्कार झाले की शाली संपल्या आणि आधी दिलेल्या दोन गुपचूप परत मागवाव्या लागल्या. मग प्रमुख पाहुण्यांनी खेळाचं महत्त्व या विषयावर भाषण केलं. समोर मुलं उन्हात उभी होती. भाषण संपल्यावर मी सरांकडे पाहिलं. "हात लई हालवले," ते म्हणाले, "एक बी लागला नाई."

हेच माप ते घरातही वापरत. बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, गेल्यानंतर स्वयंपाक तेच करत. मी त्यांचा शेजारी; सकाळी मधल्या भिंतीवरून विचारायचो, वरण कसं झालं? "शिवलं." मुलगा पुण्याला असतो. त्याचा फोन येऊन गेला की मी विचारायचो, काय म्हणतो? सर जरा थांबायचे. "शिवला," म्हणायचे आणि झाडांना पाणी घालायला लागायचे.

पण सरांचं खरं आयुष्य रविवारी असायचं, आणि त्याला कारण एक गाय होती.

खूप वर्षांपूर्वी सावली या गावी शाळांच्या स्पर्धेची अंतिम लढत झाली. धानाच्या बांधीलगतच्या, म्हणजे भातखाचरालगतच्या, मैदानात चार सागवानी खांब रोवून, दोर बांधून रिंग केली होती. राऊंड सुरू करायला आणि संपवायला शाळेचीच पितळी घंटा. लाल कोपऱ्यात सावलीचा मुलगा, निळ्या कोपऱ्यात धानोऱ्याचा. पंच तीन : भांडेकर सर, धानोऱ्याकडच्या आश्रमशाळेचे उसेंडी सर, आणि तिसरे कुठल्याशा कचेरीतले एक कारकून. नेमलेले पंच आले नाहीत आणि हे रिकाम्या खुर्चीच्या सर्वांत जवळ उभे होते, एवढीच त्यांची पात्रता.

दोन राऊंड बरोबरीत गेले. तिसरा संपत आला असताना ढोरं घरी परतायची वेळ झाली. एका गाईनं रिंगच्या दोराला मान घासली आणि तिच्या गळ्यातली घंटा वाजली. सावलीच्या मुलाला वाटलं, राऊंड संपला. सगळ्या शाळकरी मुलांप्रमाणे त्याचाही जीव सुटीच्या घंटेत. त्यानं हात खाली सोडले. धानोऱ्याच्या मुलाचं बालपण ढोरांमागे गेलेलं. त्याला गाईची घंटा लगेच ओळखू आली. त्यानं सरळ नाकावर ठोसा ठेवून दिला. मग शाळेची घंटा वाजली.

भांडेकर सरांनी लाल दिला. उसेंडी सरांनी निळा दिला. कारकुनांनी शेजारच्या माणसाला कोण पुढं आहे ते विचारलं, निळा दिला आणि एसटी पकडली. निळा जिंकला.

तेव्हापासून रविवार ठरलेला. एका रविवारी भांडेकर सर एसटीनं धानोऱ्याला जायचे, पुढच्या रविवारी उसेंडी सर इकडे यायचे. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं.

"पोरानं हात खाली टाकले होते बे! हात टाकलेल्या पोराले मारनं, हे बॉक्सिंग होय का?"

"काऊन टाकले? घंटा वाजली होती का?"

"वाजली नं!"

"गाईची वाजली. गाय काई पंच हाये का? तिले कोन नेमलं होतं?"

"अन् त्या कारकुनाले कोन नेमलं होतं? गाईले त्याच्यापेक्षा जास्त समजत होतं!"

"माह्या पोराले शाळेची घंटा कोनती अन् गाईची कोनती, ते समजलं. त्याचा बी गुन नाई द्याचा का?"

मग भाकरी, वांग्याची भाजी, पुन्हा तिसरा राऊंड. दोघं एकमेकांना बेइमान, आंधळे, विकले गेलेले असं म्हणत आणि जेवताना एकमेकांच्या ताटात वाढत.

एकदा भांडेकर सर त्या लाल कोपऱ्यातल्या मुलाला शोधत सावलीला गेले होते. तो आता ट्रॅक्टर चालवतो. सरांनी त्याला थांबवून सांगितलं, बाबू, ती लढत खरी तू जिंकला होता. तो डोकं खाजवत म्हणाला, "कोनती लढत, सर?" हे सरांनी मला हसत हसत सांगितलं. नंतर पुष्कळ वेळ ते भिंतीला टेकून तसेच उभे राहिले.

यंदा मोहफुलं पडायच्या दिवसांत उसेंडी सरांचा फोन आला : ये, बोलाचं हाये. गुडघा दुखतो, सोबत चला, असं भांडेकर सर मला म्हणाले. गुडघा त्यांचा आधीही दुखत असे, पण तेव्हा त्यांनी कधी सोबत मागितली नव्हती.

उसेंडी सर अंगणात खाटेवर बसले होते. पलीकडे चादरीवर मोहफुलं वाळत घातली होती, साऱ्या अंगणात त्यांचा गोड, जड वास. दारात दोन बॅगा भरलेल्या. त्यांची मुलगी नागपूरला दवाखान्यात नर्स आहे. ती त्यांना न्यायला आली होती. उसेंडी सरांना आता दिसत फारसं नव्हतं. आम्ही जवळ जाईपर्यंत त्यांनी ओळखलं नाही.

"पोरगी नेऊन राह्यली मले," ते म्हणाले. "इथी एकटा राहू देत नाई."

"जा नं मंग," भांडेकर सर म्हणाले. "बरं हाये."

मग उसेंडी सर म्हणाले, "भांडेकर, जाच्या आधी एक सांगाचं होतं. लई विचार केला मी. तुझंच बरोबर होतं. लाल जिंकला होता."

मला वाटलं, आता सर उठून नाचतील. एवढ्या वर्षांची लढत त्यांनी जिंकली होती, तीही समोरच्यानं स्वतः हात वर करून. पण सरांचा चेहरा एकदम उतरला. ते खाली मोहफुलांकडे पाहत राहिले.

"काऊन?" त्यांनी विचारलं.

"काऊन म्हंजे?"

"काऊन बरोबर होतं? पंचाची घंटा वाजली होती का?"

उसेंडी सर गोंधळले. "नाई... पन गाईची..."

"गाय काई पंच होती का? नियम काय सांगते? घंटा होईपर्यंत हात वर. पोरानं हात टाकले, ते त्याची चूक. निळाच जिंकला."

"अबे, पन तूच तं..."

"मी चुकलो होतो. आता समजलं मले. सांग, काय चूक हाये माह्या बोलन्यात?"

उसेंडी सर काही क्षण त्यांच्या आवाजाच्या दिशेनं पाहत राहिले. मग ते खाटेवर सरसावून बसले. "हे पाय भांडेकर, पोरगं लहान होतं. घंटा आयकून त्यानं इमानदारीनं हात खाली केले. इमानदारीची शिक्षा देशीन का तू?"

"देईन!"

"बेइमान हायेस तू!"

"अन् तू आंधळा!"

"आता तं खरंच आंधळा हावो बे," उसेंडी सर म्हणाले, आणि दोघं इतके हसले की त्यांची मुलगी पाणी घेऊन बाहेर आली. तिला वाटलं, ठसका लागला.

गाडी आली तेव्हाही दोघं भांडतच होते. उसेंडी सरांनी खिडकीतून मान काढून ओरडून सांगितलं, "नागपूरले पोचल्यावर फोन करतो! तुले सोडत नाई!"

"कर! निळाच जिंकला!"

गाडी वळणापलीकडे गेली. परतीच्या एसटीत मी सरांना विचारलं, "खरं कोण जिंकलं होतं, सर?"

"लाल," ते म्हणाले. "त्यात काय विचाराचं हाये?" मग बाहेर पाहत म्हणाले, "तिथी त्याले कोनी ओळखत नाई, भाऊ. माह्यावर चिडून तरी दिवस जाईन त्याचा."

पहिल्या रविवारी फोन आला. दुसऱ्याही आला. मग मुलीचा आला, की बाबांना आता ऐकायलाही कमी येतं, फोनवर बोलणं जमत नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी भिंतीपाशी गेलो. सर इस्त्रीचा सदरा घालून अंगणात बसले होते. कुठं जायचं नव्हतं आणि कुणी यायचंही नव्हतं. समोर एक खुर्ची रिकामी. मी म्हणालो, "सर, मला विचाराल तर निळाच जिंकला होता."

त्यांनी वर पाहिलं. पंच पाहतो तसं नाही. शेजारी पाहतो तसं.

"तुमी तिथी होते का?" त्यांनी विचारलं. आवाजात राग अजिबात नव्हता.

"नव्हतो," मी म्हणालो.

सरांनी मान हलवली. मग वाकून ती रिकामी खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि चहा ठेवायला आत गेले.