काय पोचलं ते सांग

उसाने गच्च भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर मध्येच थांबवायची हिंमत आमच्या पलूस भागात कोणी करत नाही. म्हशीसुद्धा त्याला बघून रस्ता सोडतात. माने बाई मात्र तो छत्रीने थांबवायच्या.

शाळा सुटली की बाई फाटकाबाहेर येऊन रस्त्याच्या मधोमध उभ्या राहायच्या. कडक खळ घातलेली सुती साडी, खांद्याला पर्स, हातात मिटलेली काळी छत्री. लांबून गाण्यांचा दणदणाट ऐकू आला की छत्री आडवी व्हायची. ट्रॅक्टर कचकन थांबायचा, आधी गाणं बंद व्हायचं, मग इंजिन.

"आवं बाई, कारखान्यावर नंबर जाईल माझा!"

"न्हाई जात. तुझ्या संकेतनं आज हिंदीच्या तासाला सगळं पुल्लिंग-स्त्रीलिंग बरोबर सांगितलं. एक चूक न्हाई. पोचलं का?"

"पोचलं की."

"काय पोचलं ते सांग."

आणि तो मिशाळ गडी स्टिअरिंगवर हात ठेवून, पाचवीतल्या पोरासारखा ताठ बसून, आपल्याच पोराचं पुल्लिंग-स्त्रीलिंग म्हणून दाखवायचा. मागे एसटी थांबलेली, तिच्यामागे दुधाचा टेम्पो. कंडक्टर खिडकीतून ओरडायचा, "बाई, आमच्या बी पोराचं काय तरी सांगा की, न्हाईतर वाट तरी सोडा!" संकेतच्या बापाने घरी जाऊन बायकोला सांगितलं म्हणे, "आपला संक्या पुल्लिंगात पहिला आला." बायकोने त्या रात्री गोडाचा शिरा केला. बातमी पोचली नाही असं कोण म्हणेल?

माने बाई आमच्या शाळेत हिंदी शिकवायच्या आणि पाचवी ते आठवीच्या पालकसंपर्काचं काम त्यांच्याकडे होतं. दुसऱ्या शाळांत हे काम कुणाच्या तरी गळ्यात मारतात. बाईंनी ते मागून घेतलं होतं. त्यांची अट एकच होती. "तक्रारी सांगायला प्रशासन हाय. मी चांगलं तेवढं सांगनार." प्रशासन म्हणजे आमचे मुख्याध्यापक. बाई सगळ्यांना अशीच हाक मारायच्या. गणिताच्या सरांना 'गणित', पीटीच्या सरांना 'कवायत'. मी 'भूगोल'. "भूगोल, चहा घेनार का?" असा आवाज शिक्षकांच्या खोलीत घुमला की मला उगाच आपण फार मोठे, गोल आणि प्राचीन असल्यासारखं वाटायचं.

मग मोबाईलवर पालकांचे गट निघाले. मुख्याध्यापक खूष झाले. एक बोट दाबलं की सगळ्या पालकांना सूचना! बाईही गटांत होत्या, रोज इमानाने बातम्या टाकायच्या. पण त्यांचा जीव काही त्यात रमेना.

"त्यात निळी खूण येते की, बाई," मी म्हणालो. "वाचलं की लगेच कळतं."

"निळी खूण म्हंजे बघितलं. पोचलं न्हवं."

"मग पोचलं हे कसं कळायचं?"

"तोंडाकडं बघून," बाई म्हणाल्या, आणि मला अडाण्यात काढून चहा ओतायला लागल्या.

तरी एकदा बाईंनी यंत्रावर भरवसा ठेवला. आठवीतला ओंकार खो-खोच्या जिल्हा संघात निवडला गेला, तेव्हा ही बातमी एका ट्रॅक्टरला सांगण्याइतकी लहान नव्हती. बाई तडक देवळात गेल्या आणि त्यांनी गावचा स्पीकर लावायला सांगितला. आता आमच्या गावात देवळाचा स्पीकर सकाळी भजनाला वाजतो आणि संध्याकाळी आरतीला. भर दुपारी तो खरखरला तर त्याचा अर्थ एकच असतो: कोणीतरी गेलं. स्पीकर खरखरला तसा गाव जागच्या जागी थांबला. बाईंचा घसा त्या दिवशी बसलेला. जड, घोगऱ्या आवाजात त्यांनी सुरुवात केली.

"सर्व ग्रामस्थांना कळवण्यात येतं की, आपल्या शाळेचा इयत्ता आठवीचा विद्यार्थी ओंकार हा आज सकाळी अकरा वाजता..."

आणि लाईट गेली.

पुढच्या पाव तासात अख्खं गाव शाळेच्या मैदानात होतं. म्हातारी माणसं खांद्यावर टॉवेल टाकून आली. एकजण, काम अडायला नको म्हणून, बांबू कुठून आणायचे याची चौकशी करत होता. ओंकारची आई द्राक्षबागेतून, हातातली कात्री तशीच घेऊन, अनवाणी पळत आली. ओंकार व्हरांड्यात मांडी घालून खिचडी खात होता, दुसऱ्यांदा वाढून घेतलेली. आईने आधी त्याला दोन थोबाडीत मारल्या, मग उराशी धरलं, मग पुन्हा एक मारली. ओंकार ओरडत होता, "अगं, पर मी काय केलं?"

बाई देवळातून धापा टाकत आल्या, आणि त्या माऊलीपुढे उभ्या राहून त्यांनी सगळी बातमी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. 'पोचलं का' मात्र विचारलं नाही. त्या दिवसापासून बाईंनी नियम केला: बातमी अर्धी जाता कामा नये, आणि आपलं तोंड नि पालकाचा कान यांच्यामध्ये वायर नको.

हा नियम त्यांना फार लांब घेऊन गेला. थेट उंब्रजपर्यंत.

सातवीत कोमल नावाची मुलगी होती. तिचे आई-बाप मेंढपाळ, मूळचे पूर्वेकडच्या दुष्काळी भागातले. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडायचे, कऱ्हाड, उंब्रज, कधी पार शिरवळपर्यंत, आणि पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याच गावावरून परत जायचे. कोमल गावात आत्याकडे राहायची. पहिलं वर्षभर ती पोर वर्गात एक शब्द बोलली नाही. मग बाईंनी काय जादू केली ठाऊक नाही, पण सातवीत ती परिपाठाला रोजच्या बातम्या वाचायला लागली. असं खणखणीत वाचायची की रस्त्यावरची माणसं सायकल थांबवून ऐकायची.

आणि एके दिवशी आत्याने निरोप आणला. कोमलचा बाप, बिरू, म्हणत होता की सातवी झाली की पोरीची शाळा बास. कोकरं सांभाळायला माणूस नाही, आणि ती शाळेत काय करते ते तरी कुणाला माहीत हाय?

"त्याला म्हाईत न्हाई," बाई म्हणाल्या. "म्हंजे त्याची चूक न्हाई. आपल्याकडनं पोचलं न्हाई."

मी बिरूला फोन लावून बघितला, तर बंद. रानात चार्जिंग कुठलं? बाई माझ्याकडे वळल्या. "भूगोल शिकवतोस न्हवं? मग रविवारी चल. मेंढरं शोध."

रविवारी आम्ही एसटीने उंब्रजला उतरलो. माझ्या भूगोलाचा उपयोग असा झाला की मी उत्तरेकडे चला म्हणालो आणि मेंढरं दक्षिणेला होती. शेवटी बाईंनी चहाच्या टपरीवर विचारलं, "पाठीवर कोंबड्या बांधलेलं घोडं कुठं दिसलं का?" आणि टपरीवाल्याने लगेच बोट दाखवलं.

ऊस तुटून गेलेल्या मोकळ्या रानात मेंढरं बसवली होती. बाई छत्री उघडून ढेकळांतून निघाल्या, तशी तीन कुत्री अंगावर आली. बाईंनी छत्री आडवी केली. ट्रॅक्टर थांबतो, तिथे कुत्र्यांची काय कथा.

बिरू उठून उभा राहिला. उंच, काळाभोर, डोक्याला लाल मुंडासं. "कोन म्हनायचं तुमी?"

"तुझ्या पोरीची बाई. तुमी पालकसभेला येत न्हाई, म्हनून सभाच घेऊन आले. बस."

घोंगडं अंथरलं. पालक दोन, शिक्षक दोन, बाकी सगळी उपस्थिती लोकरीची. आणि मग बाईंनी जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. छत्री मिटून बाजूला ठेवली, हात मागे बांधले, मान थोडी डावीकडे कलती केली, आणि बिरूसमोर कोमल उभी राहिली. साठीला टेकलेली बाई, पण उभं राहणं त्या पोरीचं, वाक्याआधी घेतलेला श्वास त्या पोरीचा, आवाजही तिचाच. "नमस्कार. आजच्या ठळक बातम्या. आपल्या शाळेच्या बागेत पपईला पहिलं फळ धरलं आहे. पाचवीच्या वर्गातील हरवलेली घंटा सापडली आहे..."

कोमलची आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "अस्संच हुबी ऱ्हाती ती," ती नवऱ्याला म्हणाली. "बारकी असल्यापासनं. मान अशीच."

बिरू मात्र गवताची काडी मोडत बसला होता.

"पोचलं का?" बाईंनी विचारलं.

"पोचलं, बाई. लय ग्वाड वाटलं. पर कोकरं कोन बघनार?"

बाईंनी छत्री उचलली. त्या म्हणाल्या, "जूनमदी शाळा उघडंल. तुमी त्याच वाटंनं परत जानार. काय ठरलं ते मला सांगून जायाचं. मी रस्त्यावर असंन."

"बगू," बिरू म्हणाला.

परतीच्या एसटीत बाई खिडकीतून रानं बघत बसल्या. कऱ्हाड आलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "बगू म्हंजे अर्धी बातमी."

मे अखेरीला बाई निवृत्त झाल्या. त्याआधीच निरोप समारंभ झाला, शाल-नारळ झाला, मुख्याध्यापक भाषण मध्येच सोडून चष्मा पुसायला लागले आणि बाईंनी त्यांना, "प्रशासन, रडायचं न्हाई, पोरं बगत्यात," म्हणून दटावलं. जूनच्या पहिल्या तारखेला क्लार्कने नियमाप्रमाणे त्यांना पालकांच्या सगळ्या गटांतून काढलं. फोनवर पटापट चार सूचना आल्या. बाईंनी त्या मला दाखवल्या. "बघ, भूगोल. ह्यो निरोप मातुर बरोबर पोचला."

शाळा उघडली. कोमल आली नाही. सुट्टीत ती आई-बापाकडे गेली होती, तिथून परतलीच नव्हती. आठवीच्या हजेरीत तिचं नाव घेतलं की वर्ग एका रिकाम्या बाकाकडे बघायचा. बाई रोज शाळा सुटायच्या वेळी, तीच साडी, तीच छत्री, फाटकाबाहेर येऊन उभ्या राहायच्या. पण आता रस्त्याच्या मधोमध नाही. कडेला, लिंबाखाली. हातात बातमी नसेल तर वाहन थांबवायचा आपल्याला अधिकार नाही, असं त्यांचं म्हणणं. मी सांगायला गेलो, "बाई, आज पण..." तर छत्री वर करून मला थांबवायच्या. "अर्धी नको. पुरी झाली की सांग."

एका संध्याकाळी शाळा सुटली आणि रस्त्यावर हॉर्नचा कल्लोळ उठला. बघतो तर डांबरी दिसेना. नुसती मेंढरं. मध्ये घोडं, घोड्यावर कोंबड्या, आणि रस्त्याच्या बरोबर मधोमध, काठी आडवी धरून, बिरू उभा. समोर खताच्या पोत्यांचा ट्रॅक्टर थांबलेला, त्याच्यामागे एसटी. ट्रॅक्टरवर संकेतचा बाप. त्याने सवयीने गाणं बंद केलं.

"बाई, हिकडं या," बिरू म्हणाला.

बाई लिंबाखालून निघाल्या. मेंढरांनी त्यांना वाट दिली. बिरूच्या मागे कोमल उभी होती. हात मागे बांधलेले, मान डावीकडे.

"मेंढरामागं माझा मेव्हना येतोय. तेचं जमवाय येळ लागला, म्हनून उशीर. पोरगी आठवीला बसनार. आत्याकडं ऱ्हानार. पुढचं पुढं, पर आठवी करनार." बिरूने श्वास घेतला. "पोचलं का?"

बाईंनी होकाराची मान डोलावली.

"काय पोचलं ते सांगा की."

कंडक्टरसुद्धा खिडकीतून वाकून ऐकत होता. बाईंनी हात मागे बांधले आणि एक शब्द न गाळता सगळं म्हटलं. मेव्हणा, आत्या, आठवी. मग कोमलच्या गालाला हात लावला, आणि छत्रीने संकेतच्या बापाला जायची खूण केली.

मेंढरं पुढे गेली. रस्ता मोकळा झाला, धुरळा बसला. कोमल आत्याच्या घराकडे वळली. बाई तिथेच उभ्या.

"चला बाई, घरापर्यंत सोडतो," मी म्हणालो.

"आईला ऐकायला कमी यायचं," बाई एकदम म्हणाल्या. त्यांची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यानंतर त्या घरी एकट्याच. "पर शाळंतलं सगळं ऐकायचं असायचं तिला. कोन पडलं, कोन रडलं, कुनी काय बरोबर सांगितलं. कानाशी तोंड नेऊन सांगायचे. मग इचारायचे, पोचलं का? तर कायबी व्हय म्हनायची. म्हनून म्हनायचे, काय पोचलं ते सांग." त्या हसल्या. "निम्मं चुकवायची. मग परत पहिल्यापासनं."

बाईंनी पर्स खांद्यावर नीट सरकवली.

"भूगोल, येवढी मोठी बातमी. आता ही मी कुनाला सांगू?"

"मला सांगा."

"तू हितंच हुतास की. तुला म्हाईत हाय."

"तरी सांगा."

बाईंनी माझ्याकडे नीट बघून घेतलं, चेष्टा करतोय का ते. मग माझ्या कानाशी तोंड आणलं, आणि रस्त्यावर दुसरं कोणी नसतानाही, मोठ्या आवाजात, पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"पोचलं का?"

"पोचलं, बाई."

"काय पोचलं ते सांग."

मी सांगायला लागलो. मेव्हण्याच्या ऐवजी मुद्दाम चुलता म्हणालो. बाई खुदकन हसल्या, छत्रीने माझ्या पायावर हलकेच मारलं, आणि परत पहिल्यापासून सांगायला लागल्या.